गेट गेलं, ब्रिज आला : एका नव्या उड्डाणपुलाच्या पायथ्याशी काय घडलं

हे प्रकरण बेळगाव जिल्ह्यातल्या एका रेल्वे गेटचं आहे. गेट बंद होऊन तिथे उड्डाणपूल झाला. गावाचं, गेटचं आणि माणसांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण यातले बहुतेक जण रोज त्याच रस्त्यावर पोट भरतात. मी त्या भागात गेली अनेक वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. स्टँडवरचे निम्मे रिक्षावाले माझ्याकडेच शिकलेले. त्यामुळे वाद पेटला तेव्हा दोन्ही बाजूंनी मला बोलावलं, आणि पुढे जी एक मोठी चूक झाली तीत माझाही वाटा आहे.

पार्श्वभूमी

मिरज-लोंढा रेल्वेमार्ग आमच्या जिल्ह्याला उभा कापत जातो. बेळगाव शहरात तर एकेक गेट म्हणजे पत्ता सांगायची खूण : पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. जुना पी. बी. रोड, कपिलेश्वर, गोगटे सर्कल, तिसरं गेट अशा ठिकाणी एकामागून एक पूल झाले, आणि प्रत्येक वेळी लोकांनी आधी हार घातले, मग तक्रारी केल्या. मार्गाचं दुहेरीकरण आलं, गाड्या वाढल्या, तसे उरलेल्या गेटांवरचे लोकही पूल मागू लागले. आमचं गेट त्यांतलंच.

गेट असतानाचे हाल आठवले की पूल नको म्हणणारा माणूस सापडणार नाही. फाटक सिग्नलला जोडलेलं असतं. फाटक पूर्ण पडून कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही आणि गाडी निघून गेल्याशिवाय फाटक उघडता येत नाही. गेटमनला शिव्या देणाऱ्यांना हे ठाऊक नसायचं. मालगाडीच्या पाठोपाठ पॅसेंजर आली तर पंधरा मिनिटं गेलीच. तेवढ्यात दोन्ही बाजूंच्या मोटारसायकली रस्ता भरून समोरासमोर उभ्या राहायच्या आणि फाटक उघडलं की कुणीच हलेना. एकदा एका बाळंतिणीला रिक्षातून उतरवून, हाताला धरून रुळांपलीकडे नेलेलं मी पाहिलंय. पलीकडे दुसरी रिक्षा उभी केली होती.

म्हणून पूल झाला तेव्हा आनंद खरा होता. मे महिन्यात, शाळांच्या सुट्टीत, फीत कापली गेली. त्याच दिवशी फाटकाच्या जागी दोन्ही बाजूंनी भिंत उभी राहिली. पुलाची पहिली संध्याकाळ जत्रेसारखी गेली. पोरं वर जाऊन फोटो काढत होती, चिरमुरेवाल्यानं आपली गाडी थेट पुलाच्या कठड्याशी नेऊन लावली होती. पंधरा-वीस दिवस सगळं छान चाललं.

अडचण

जूनमध्ये शाळा उघडल्या, पाऊस लागला, आणि पुलाच्या आमच्या बाजूच्या पायथ्याशी रोज सकाळी भांडणं सुरू झाली.

ती का, हे समजायला थोडं गणित लागतं. मार्गावर विजेच्या तारा असल्या की पुलाचा खालचा भाग रुळांपासून साडेसहा मीटरच्या आसपास उंच ठेवावा लागतो. त्यावर तुळया आणि स्लॅबची जाडी धरली की रस्ता जमिनीपासून नऊएक मीटर वर जातो. भरलेल्या गाड्या चढाव्यात म्हणून उतार साधारण तीसला एक ठेवतात, म्हणजे तीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. नऊ मीटर चढायला दोनशे सत्तर मीटर लांबी लागते, आणि तेवढीच पलीकडे उतरायला. आता रुळांपासून पन्नास मीटरवर घर असलेला माणूस घ्या. त्याला पलीकडे पन्नास मीटरवरच्या किराणा दुकानात जायचंय. पूर्वी शंभर मीटर. आता दोनशे वीस मीटर मागे पायथ्याशी, पाचशे चाळीस मीटर पुलावरून, पुन्हा दोनशे वीस मीटर उलट. जवळजवळ एक किलोमीटर. आणि हेसुद्धा पायथ्याशीच वळायला मिळालं तर.

तसं वळायला मिळत नव्हतं. पायथ्यापासून पुढे सर्कलपर्यंत सलग डिव्हायडर होता. रुळांकडे पाठ करून उभं राहिलं तर पुलाच्या डाव्या हाताचा सर्व्हिस रोड बाहेर जाणारा, उजव्या हाताचा आत येणारा. उजवीकडच्या घरांतल्या माणसाला बाहेर पडायचं तर त्याने आत रुळांपर्यंत जावं, पुलाखालून डाव्या बाजूला यावं, तिथून बाहेर पडावं आणि सर्कलवरून फिरून पुलावर चढावं, असं कागदावर होतं. प्रत्यक्षात पुलाखालच्या त्या मोकळ्या गाळ्यात कामावरचे उरलेले सिमेंटचे ठोकळे, सळ्या आणि बंद पडलेला एक मिक्सर पडून होता. रस्ताच नव्हता.

मग लोकांनी आपापला रस्ता काढला. उजवीकडचे राँग साइडने सर्व्हिस रोडवरून पायथ्याशी येऊ लागले. डावीकडचे पायथ्याशी पोहोचले की डिव्हायडर सुरू होण्याआधीच्या फटीतून, पुलावरून उतरणाऱ्या गाड्यांच्या समोरून, आडवे घुसून उलट दिशेने चढू लागले. म्हणजे जिथे उतारावरून गाडी सर्वांत वेगात येते, नेमकं तिथेच तिच्या पुढ्यात रिक्षा आडवी.

चालकांचं काय म्हणणं होतं

पायथ्याशी चहाच्या टपरीवर मी आठवडाभर सकाळ काढली. नुसता आवाज ऐकला तर वाटे, सगळेच पुलावर चिडलेत. तसं नव्हतं. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, पहिल्या पाळीला जाणारे कामगार खूश होते. बसचे ड्रायव्हर खूश होते, एक जण म्हणाला, "आता वेळेवर पोचतोय बघा, कंट्रोलर काय बोलंना." उसाच्या ट्रॅक्टरवाल्यांनी तर हंगामाआधीच हायसं म्हटलं होतं, कारण दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर गेटवर थांबवला की मागे अर्धा किलोमीटर रांग लागायची आणि सगळ्यांचा राग त्याच्यावर.

चिडले होते ते त्या जागेवर राहणारे आणि त्या जागेवर कमावणारे. रिक्षा स्टँड पूर्वी गेटजवळ होता. फाटक पडलं की बसमधून, टमटममधून माणसं उतरायची, चालत रूळ ओलांडायची आणि पलीकडे रिक्षा धरायची. तो धंदा एका दिवसात संपला. आमच्याकडे मीटरपेक्षा ठरवून भाडं घ्यायची रीत. गिऱ्हाईक म्हणे, "हे काय, गेटच्या पलीकडंच तर जायचंय." रिक्षावाला म्हणे, "पलीकडं जायला दोन किलोमीटर फिरावं लागतंय की ओ." गिऱ्हाईकाला अंतर डोळ्यांना दिसतं तेवढं वाटे, रिक्षावाल्याला गॅस जळतो तेवढं. या एका फरकावर रोज वाद.

स्टँडवरचे सर्वांत जुने रिक्षावाले, त्यांना सगळे मामा म्हणतात, मला म्हणाले, "गेट पडलं तरी दहा मिनटं थांबलं की झालं होतं. आता थांबायचं नाही, पण फिरायचं रोजचंच. मला राँग साइडनं जायची हौस हाय काय? दिवसाला वीस खेपा मारतोय मी. सर्कलवरनं फिरलो तर दोन खेपांचा गॅस जातोय." राँग साइडने येणाऱ्या माणसाच्या तोंडून इतका सरळ हिशोब मी तोवर ऐकला नव्हता.

शाळेच्या व्हॅनवाल्यांची अडचण वेगळी. एकेका गल्लीतून मुलं गोळा करायची आणि शाळेची घंटा ठरलेली. दोन व्हॅनवाल्यांनी मुलांना पुलाच्या पायथ्यापर्यंत चालत आणून सोडायला पालकांना सांगितलं. त्यामुळे साडेसातला पायथ्याशी दप्तरं पाठीला लावलेल्या मुलांचा घोळका उभा राहू लागला, तोही भर पावसात, रस्त्याच्या कडेला.

आणखी एक गट होता, ज्याचं कुणी ऐकत नव्हतं कारण ते भांडत नव्हते. नुकत्याच गाडी शिकलेल्या बाया आणि वयस्कर माणसं. पूल भरला की चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलावी लागते. आमच्या धंद्यात सर्वांत अवघड धडा हाच : हाफ क्लच, हँडब्रेक सोडणं आणि ॲक्सिलरेटर यांचा मेळ. सपाट गावात शिकलेल्या माणसाला याचा सराव नसतो. माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीची कार चढावर बंद पडली, मागे सरकली, मागच्याने हॉर्न धरला. तिने पुलावरून जाणं सोडलं आणि शहराला वळसा घालून कामावर जाऊ लागली. पूल झाल्यावर तिचा रस्ता वाढला.

पर्याय

जुलैच्या सुरुवातीला गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत बैठक झाली. रिक्षावाले, व्हॅनवाले, दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांतले रहिवासी, प्रभागाचे नगरसेवक आणि वाहतूक पोलिसांतले एक हवालदार. हवालदार कन्नडभाषक, पण मराठी चांगलं समजणारे. बैठक दोन्ही भाषांत झाली आणि त्यावरून एकही शब्द वाढला नाही, हे आमच्या भागाबद्दल बाहेर जे ऐकू येतं त्यामुळे मुद्दाम नोंदवतो.

पहिली मागणी आली ती गेट पुन्हा उघडण्याची. ती तिथल्या तिथे बाजूला ठेवावी लागली. पूल बांधतात तोच गेट काढण्यासाठी, आणि रेल्वे ते पुन्हा उघडण्याची शक्यता नव्हती. निदान चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी रुळांखालून छोटा भुयारी मार्ग मिळावा, असा अर्ज करायचं ठरलं. तो लांबचा रस्ता होता हे सर्वांना माहीत होतं.

दुसरा पर्याय दंडाचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात, उलट दिशेने गाडी चालवणंही स्पष्टपणे घातलेलं आहे. हवालदार म्हणाले, दोन दिवस उभा राहतो, पण रोज सकाळी माणूस देता येणार नाही. मामा म्हणाले, "दंड घ्या, पण जायचं कुठनं ते आधी दाखवा." खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही.

तिसरा पर्याय म्हणजे पायथ्याशी हंप, म्हणजे गतिरोधक. चौथा, डिव्हायडरची फट काँक्रीटचे ठोकळे लावून बुजवायची. पाचवा पर्याय स्टँडवरच्या एका तरुण रिक्षावाल्याने सांगितला : पुलाखालचा गाळा मोकळा करून तिथे यू-टर्न द्या आणि डिव्हायडरला सर्कलच्या अलीकडे, पायथ्यापासून दीडशे मीटरवर एक कट द्या. तो बोलला तेव्हा बैठक संपत आली होती. लोक चपला शोधत होते. त्याचं म्हणणं इतिवृत्तात एका ओळीत आलं.

ठरला हंप. मीही हात वर केला. उतारावरून येणाऱ्यांचा वेग कमी झाला की अपघात टळेल, हे मला सरळ वाटलं. शिवाय हंप लगेच होतो, परवानग्यांचे कागद फिरवावे लागत नाहीत असं सगळ्यांना वाटत होतं. ते चूक होतं. रस्त्यावर हंप घालायलाही नियम आणि परवानगी लागतेच.

हंप घातला आणि काय झालं

दोन दिवसांनी रात्रीत हंप झाला. कुणी घातला ते कुणी सांगितलं नाही. खडी आणि डांबराचा अरुंद, उंच उंचवटा. रस्त्यांच्या मानकात हंपचं माप दिलेलं आहे : सुमारे ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, म्हणजे गाडी ताशी २५ किलोमीटरच्या आसपास सहज ओलांडेल. आमचा हंप एका पावलाएवढा रुंद आणि वीतभर उंच होता. त्यावर पांढरे पट्टे नव्हते, आधी फलक नव्हता.

वेग कमी झाला हे खरं. पण उतरणाऱ्या गाड्या हंपाशी जवळजवळ थांबू लागल्या तशी आडवं घुसणाऱ्यांना तिथे हमखास फट मिळू लागली. पूर्वी जो रिक्षावाला उतारावरच्या गाडीला भिऊन थांबायचा, तो आता हंपावर गाडी आली की बिनधास्त वळू लागला. जे थांबवायचं होतं त्यालाच आम्ही वाट करून दिली होती.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पहाटे जोराचा पाऊस होता. खेड्यातून दूध घालायला येणारा एक मुलगा मोटारसायकलला दोन्ही बाजूंना कॅन लटकवून पुलावरून उतरत होता. त्याच्या पुढे एक छोटा हत्ती, म्हणजे मालवाहू टेम्पो, होता. तो हंपाशी दाबून थांबला, कारण समोर रिक्षा आडवी आली. मुलाने ब्रेक मारला. भरलेल्या कॅनचं वजन पुढे आलं आणि गाडी आडवी घसरली. मी दहा-पंधरा मिनिटांनी पोहोचलो. एका कॅनचं झाकण उडून गेलं होतं आणि दूध पावसाच्या पाण्यात मिसळून सर्व्हिस रोडच्या उताराने पांढऱ्या ओहोळासारखं गटाराकडे चाललं होतं. मुलगा हंपावरच बसून डावं कोपर उजव्या हातात धरून होता. तो पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होता, "रतीब राहिला, रतीब राहिला." कोपराचं हाड मोडलं होतं. रिक्षावाले मामाच होते. त्यांनीच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा रतीब घरोघर घालायला त्यांचा पोरगा गेला.

त्या दिवशी दुपारी मामा माझ्या ऑफिसात आले. खुर्चीत बसले नाहीत. म्हणाले, "सर, त्या पोरानं परवा सांगितलेलं, पुलाखालनं वाट काढा म्हणून. आपण ऐकलं नाही." त्यांनी "आपण" म्हटलं. "तुम्ही" म्हणाले असते तरी चाललं असतं.

काय केलं

दुसऱ्या बैठकीत कुणी भाषण केलं नाही. आम्ही सात-आठ जण त्या तरुण रिक्षावाल्याच्या रिक्षात आणि दोन मोटारसायकलींवर बसून पायथ्यापासून सर्कलपर्यंत, दोन्ही सर्व्हिस रोडवरून, पुलाखाली आणि वरून असे फिरलो. कोणाला कुठून कुठे जायचं असतं ते प्रत्येक कोपऱ्यावर थांबून बोललो. मी वहीत नकाशा काढला. तासाभरात जे कळलं ते पहिल्या बैठकीच्या तीन तासांत कळलं नव्हतं.

मग पुढची पावलं ठरली. संबंधित खात्याकडे अर्ज गेला : हंप काढावा, पुलाखालचा गाळा मोकळा करून द्यावा, डिव्हायडरला कट द्यावा, आणि पायथ्याजवळची फट बंद करावी. यात क्रम महत्त्वाचा होता आणि मी तो अर्जात ठळक लिहिला : फट बंद करण्याआधी कट उघडा. आधी वाट द्यायची, मग चुकीची वाट बुजवायची. उलटं झालं असतं तर लोकांनी ठोकळे रात्रीत हलवले असते.

पुलाखालचे ठोकळे आणि मिक्सर हलायला तीन आठवडे आणि पाच खेपा लागल्या. खालची माती मंडळाच्या पोरांनी श्रावणातल्या दोन रविवारी उचलली. तिथे आधीच कुणी तरी कचरा टाकू लागलं होतं. गाळा मोकळा झाल्यावर तिथे गाड्या पार्क होऊ लागतील हे दिसतच होतं. म्हणून रिक्षा स्टँड तिथेच, पुलाखालच्या बाजूच्या गाळ्यात हलवला. यावर स्टँडमध्येच दोन तट पडले. जुन्यांना वाटे, आत कोपऱ्यात गिऱ्हाईक कोण येणार. तरुण म्हणत, पाऊस लागत नाही, ऊन लागत नाही, आणि दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांना मधोमध. शेवटी महिनाभर करून बघायचं ठरलं. रिक्षावाले तिथे चोवीस तास असतात, त्यामुळे गाळ्यात दुसरं कुणी गाडी लावून जात नाही, हा फायदा आम्ही आधी मोजला नव्हता.

फलकांचा प्रश्न नाजूक होता. तिथले फलक कन्नड आणि इंग्रजीत होते. आमच्या भागातल्या साठीच्या पुढच्या कितीतरी मराठी माणसांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. मराठीत फलक हवा ही इच्छा माझीही आहे, आणि ती मागणी योग्य आहे असं मी मानतो. पण त्या मागणीला लागणारा वेळ सकाळी साडेसातच्या मुलांकडे नव्हता. मी सुचवलं की चित्रांचे फलक लावा. लाल वर्तुळात आडवा पांढरा पट्टा म्हणजे प्रवेश बंद. लाल त्रिकोण म्हणजे सावध. निळा म्हणजे माहिती. हे मी रोज वर्गात शिकवतो आणि चित्राला लिपी लागत नाही. त्यासोबत रस्त्यावर मोठे पांढरे बाण मारून घेतले. हवालदारांनी दोन आठवडे सकाळी उभं राहून दंड न करता नुसती वाट दाखवली. "ई कडे बॅडरी, खालून जावा, खालून," असं अर्धं कन्नड अर्धं मराठी ते ओरडत असत आणि लोक हसून वळत.

व्हॅनवाल्यांनी मुलांना घेण्याची जागा पायथ्यावरून आत, सर्व्हिस रोडच्या रुंद भागात नेली. मी माझ्याकडून एक काम केलं. रविवारी सकाळी सहाला, पूल मोकळा असताना, ज्यांना चढाची भीती वाटते त्यांना फुकट सराव. ती जुनी विद्यार्थिनी पहिल्याच रविवारी आली. हँडब्रेक ओढून थांबायचं, क्लच हळूहळू सोडत इंजिनचा आवाज खाली बसला की हँडब्रेक सोडायचा. चौथ्या वेळेला गाडी एक इंचही मागे आली नाही.

परिणाम

गणपतीच्या आधी कट उघडला आणि फट बंद झाली. हंपही निघाला. त्यानंतर पायथ्याशी आडवं घुसणं जवळजवळ थांबलं, कारण घुसायला जागाच उरली नाही. उजव्या सर्व्हिस रोडवरचं राँग साइडने येणं सकाळी खूप कमी झालं. रात्री आठनंतर, रस्ता मोकळा दिसला की, मोटारसायकलवाले अजून येतात. दिवाळीनंतर उसाचा हंगाम लागला तेव्हा वेगळीच भीती दिसली : मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या चढावर पायी चालल्यागत जातात आणि मागून येणाऱ्याला पुलाच्या माथ्यापर्यंत समोरचं दिसत नाही. स्टँडवरच्या पोरांनी लाल रिफ्लेक्टर पट्ट्यांचं बंडल आणून ठेवलं आणि चहाला थांबलेल्या ट्रॉल्यांना चिकटवायला सुरुवात केली. पैसे मागत नाहीत. ट्रॅक्टरवाले कधी उसाची दोन कांडकी देतात.

रिक्षांचा धंदा पूर्वीसारखा झालेला नाही. गेटवर उतरणारं गिऱ्हाईक परत येणार नव्हतंच. पण स्टँडने दोन्ही बाजूंच्या गल्ल्यांसाठी पुलावरच्या खेपेचं एक ठरलेलं भाडं फळ्यावर लिहून लावलं, तेव्हापासून ओढाताण संपली. दूधवाल्या मुलाचं कोपर जुळलं, पण हात पूर्ण सरळ होत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मी पुन्हा या जागी असतो तर बैठकीआधी रिक्षात बसून फिरलो असतो. पुलावरून सरळ जाणाऱ्यांचा विचार पूल बांधणारे करतात, त्यासाठीच पूल असतो. वळणाऱ्यांचा विचार कुणाच्या कागदावर नव्हता, आणि आम्हीसुद्धा पहिल्या बैठकीत त्यांना राँग साइडवाले म्हणून खाली बसवलं. त्या तरुणाने सांगितलेला पर्याय बैठकीच्या शेवटी न येता सुरुवातीला आला असता तर हंप झालाच नसता. बैठकीत आधी मोठ्यांनी बोलायचं ही आमची सवय आहे. माझंही म्हणणं सर्वांत आधी ऐकलं गेलं होतं, आणि ते चुकीचं होतं.

दुसरं, उद्घाटन सुट्टीत झालं. शाळा सुरू असताना आठ दिवस पूल आणि गेट दोन्ही चालू ठेवले असते तर लोकांचे रस्ते डोळ्यांना दिसले असते आणि मग फाटकाला भिंत घालता आली असती. हे आमच्या हातात नव्हतं, पण मागणी करणं हातात होतं. पूल मागताना आम्ही फक्त पूल मागितला. पुलाखालून वाट, वळायला जागा, चालणाऱ्यांसाठी मार्ग हे मागायचं आम्हाला सुचलं नाही.

सर्वांत मोठी उणीव चालणाऱ्यांची आहे, आणि ती अजून भरलेली नाही. पुलाला पायऱ्या नाहीत. डोक्यावर भाजीची बुट्टी घेतलेली मावशी एक किलोमीटर चढून-उतरून येणार नाही. तिने भिंतीच्या टोकाला, जिथे झुडपं आहेत, तिथून वाट पाडली आहे. तिच्या मागून सायकली खांद्यावर घेतलेली शाळेची पोरंही जातात. रूळ असे ओलांडणं १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे गुन्हा आहे हे मी त्यांना सांगितलं. "मग कुठनं जाऊ बाळ?" असं मावशीने विचारलं. मामांनी दंडाबद्दल विचारलं होतं तेच.

भुयारी मार्गाचा अर्ज दोनदा दिला आहे, दुसऱ्यांदा दोनशेवर सह्यांचा. तो मिळेपर्यंत, सकाळच्या पॅसेंजरच्या वेळेला स्टँडवरची दोन पोरं पाळीपाळीने त्या झुडपांपाशी उभी राहतात आणि गाडी दिसली की हात आडवा करून मावशीला थांबवतात.